पोलादाचा जीर्णोद्धार

कुकडी नदीच्या कांठीं, जुन्नर तालुक्यांत, ओझर नांवाचें गांव आहे. अष्टविनायकांपैकीं विघ्नेश्वराचें हें ठिकाण. दर्शन घेऊन यात्रेकरू प्राकारांत आला, कीं त्याची नजर सहजच शिखराकडे वळते. हें सोनेरी शिखर एका विजयाची खूण म्हणून ओळखलें जातें. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. त्या यशानंतर त्यांनीं या देवळाचा जीर्णोद्धार करून शिखर सोन्यानें मढविलें, असें परंपरा सांगते. त्याच मोहिमेंत मिळालेल्या गिरिजाघरांच्या घंटा महाराष्ट्रांतील कित्येक देवळांत आजहि टांगलेल्या आहेत. ओझराहून फार दूर नसलेल्या भीमाशंकराच्या देवळांतहि अशी एक घंटा पाहावयास मिळते.

वसईहून घंटा आल्या, तोफा आल्या, विजयाची कीर्ति आली. मग फिरंग्यांचीं तीं पोलादी चिलखतें कोठें गेलीं? एखादा चौकस विद्यार्थी हा प्रश्न हटकून विचारील. कारण त्यानें इतिहासाच्या पुस्तकांत डोक्यापासून पायांपर्यंत पोलादांत झाकलेल्या युरोपी सरदाराचें चित्र पाहिलेलें असतें. १५१० सालीं आल्बुकर्कनें गोवें घेतलें, त्या काळीं युरोपांत या चिलखताचा मध्याह्न होता. परंतु वसईचा तट पडला तो त्यानंतर २२९ वर्षांनीं. तेवढ्या अवधींत तीं चिलखतें शस्त्रागारांच्या भिंतींवर जाऊन बसलीं होतीं. इतकेंच नव्हे, तर तीं घडविणारी विद्याहि बहुतेक नाहींशी झाली होती. ही विद्या काय होती, ती कशी बुडाली, आणि पुढें कांहीं हट्टी कारागिरांनीं ती पुन्हा कशी हस्तगत केली, याची हकीकत मराठी वाचकालाहि विचार करावयास लावणारी आहे.

युरोपांत प्रथम कड्यांचेंच चिलखत होतें. चौदाव्या शतकांत त्यावर गुडघा, कोपर, छाती अशा नाजूक ठिकाणीं पोलादी पत्रे बसवूं लागले, आणि १४०० च्या सुमारास सारें शरीर पत्र्यांनीं झाकलें गेलें. पुढील दीडशें वर्षांत, म्हणजे विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळांत, या कलेनें कळस गांठला. इटलींत मिलान, जर्मनींत न्यूरेंबर्ग व ऑग्सबुर्ग हीं शहरें यासाठीं नांवाजलेलीं होतीं. मिलानचें मिसालिया व नेग्रोली हे घराणे आणि ऑग्सबुर्गचें हेल्मश्मिड घराणें यांच्या दारांत राजे गिऱ्हाईक म्हणून येत. सम्राट मॅक्सिमिलियन यानें १५०४ सालीं इन्सब्रुक येथें दरबारी कारखाना उभारला. त्याचें पाहून इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनें १५१५ च्या सुमारास ग्रिनिच येथें जर्मन कारागीर बसविले. या हेन्रीसाठीं १५२० सालीं केलेलें एक चिलखत आजहि पाहावयास मिळतें. त्यांत २०० हून अधिक तुकडे असून, अंगाचा तसूभरहि भाग उघडा राहूं नये अशी त्याची रचना आहे.

असें चिलखत घडविणें म्हणजे पोलादाचा अंगरखा शिवणेंच होय. शिंप्याप्रमाणें प्रथम अंगाचें माप घ्यावयाचें. दंड, मनगट, मांडी, पोटरी यांचे जाड कागदाचे नमुने कापून ते अंगाला लावून पाहावयाचे. आणि मगच पत्र्याला कात्री लावावयाची. कापडाचा अंगरखा चुकला तर उसवतां येतो. पोलादाचा चुकला तर तो धडपणें वाकूं देत नाहीं, बसूं देत नाहीं, आणि लढाईंत मालकाचाच वैरी होतो.

सपाट पत्र्याला खोलगट आकार देण्याच्या दोन रीति आहेत. लांकडाच्या ओंडक्यांत खळगा करून त्यावर पत्रा ठेवावयाचा व आंतल्या बाजूनें ठोकावयाचा, ही पहिली रीत. यांत पत्रा ताणला जाऊन मध्यें पातळ होतो. दुसरी रीत अधिक कठीण. पोलादी खुंटाच्या गोल डोक्यावर पत्रा धरून बाहेरच्या बाजूनें, ओळीमागून ओळ, घाव घालीत यावयाचें. यांत धातु आंत आंत ढकलला जातो आणि कोठेंहि सांधा न देतां एकाच पत्र्यांतून टोपासारखी खोल वस्तु उभी राहते. ठोकतां ठोकतां पोलाद ताठ होतें. त्या स्थितींत ठोकीत राहिलें तर तडा जातो. म्हणून तें पुन्हा पुन्हा भट्टींत लाल करून सावकाश निवूं द्यावें लागतें. नंतर गुळगुळीत हातोडीनें घावांच्या खुणा मिटवावयाच्या, कडा तारेभोंवतीं वळवावयाच्या आणि घांसून चकाकी आणावयाची.

खरी परीक्षा असते ती सांध्यांची. कोळंबीच्या पाठीवर जशा एकाखालीं एक सरकणाऱ्या पट्ट्या असतात, तशाच पट्ट्या खांदा, कोपर, गुडघा व पाऊल येथें बसवाव्या लागतात. कांहीं पट्ट्या आंतून चामड्याच्या वाद्यांना जोडलेल्या असतात. कांहींचे रिव्हेट लांबट भोकांत मागेंपुढें सरकतात. भोक एका रेषेनें चुकलें तर कोपर मिटत नाहीं. आणि उलट बाजूस चुकलें तर हात वर करतांच फट पडून शत्रूच्या खंजिराला वाट मिळते. शिवाय पत्र्याची जाडी सर्वत्र सारखी नसे. छाती पाठीहून जाड, टोपाचा पुढला भाग मागल्याहून जाड. जेथें घाव येण्याचा संभव कमी, तेथें पत्रा पातळ ठेवून वजन वांचविलेलें असे. हें सारें डोळ्यानें व कानानें होई. घाव नीट बसला कीं नाहीं हें पोलादाच्या आवाजावरून उस्तादाला कळे. ही विद्या ग्रंथांत लिहिलेली नव्हती. ती उस्तादाच्या मनगटांत होती, आणि तेथून शागिर्दाच्या मनगटांत जात होती.

बंदुकीनें हा धागा तोडला. गोळी अडवावयाची तर छातीचा पत्रा जाड करणें भाग पडे. कित्येक जुन्या पत्र्यांवर एक वाटोळा खळगा दिसतो. तो लढाईंतला नसून, कारागिरानेंच गोळी झाडून मजबुतीची खात्री पटविल्याची खूण असतो. परंतु जाडी वाढली तसें वजन वाढलें, आणि शिपायानें एकेक भाग टाकून देण्यास आरंभ केला. आधीं पायांचें चिलखत गेलें, मग हातांचें. उरली केवळ छाती, पाठ आणि टोप. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रिनिचचा कारखाना संपला. गिऱ्हाईक गेलें, म्हणून उस्ताद गेले. उस्ताद गेले, म्हणून शागिर्द उरले नाहींत. चिलखतें मात्र हजारोंनीं शाबूत राहिलीं. ऑस्ट्रियांतील ग्रात्स शहराच्या शस्त्रागारांत तीं आजहि रांगेनें मांडलेलीं आहेत. वस्तु टिकली आणि ती करण्याची अक्कल हरवली, असा हा विलक्षण प्रकार होय.

एकोणिसाव्या शतकांत युरोपला जुन्या वैभवाची हौस आली. १८३९ च्या ऑगस्टांत स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथें एका तरुण सरदारानें मध्ययुगीन पद्धतीचा द्वंद्वखेळ भरविला. हजारों लोक जमले, चिलखतांतले वीर घोड्यांवर चढले, आणि मुसळधार पावसानें सगळ्या शौर्याचा चिखल करून टाकला. या हौसेनें चिलखतांना भाव आला, आणि भाव आला तसे नकली मालाचे कारखानदारहि आले. नवीन पत्रा ठोकून, त्यावर मुद्दाम गंज चढवून, तो चारशें वर्षांचा म्हणून विकण्यांत येऊं लागला. मोठमोठ्या संग्राहकांनीं असा माल भारी किंमतीला घेतला. प्रतिकृति या शब्दाला तेव्हांपासून थोडा वाईट वास लागला.

परंतु नक्कल करणारे सगळेच फसविणारे नसतात. जुन्या चिलखतांची दुरुस्ती करणाऱ्या कांहीं कारागिरांना तुटलेला पत्रा पुन्हा बसवितां बसवितां मूळ हाताची चाल उमगूं लागली. अमेरिकेंत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें बॅशफर्ड डीन या विद्वानाच्या देखरेखीखालीं अशी एक कार्यशाळा चालविली. तेथें दान्येल ताशो नांवाचा फ्रेंच कारागीर काम करीत असे. तो केवळ जुन्या वस्तूंचा वैद्य होता. पण पहिल्या महायुद्धांत तोफांच्या गोळ्यांचे तुकडे लागून सैनिकांचीं डोकीं फुटूं लागलीं, तेव्हां अमेरिकन सैन्याला नव्या शिरस्त्राणांचे नमुने हवे झाले. ते नमुने घडविण्याचें काम या संग्रहालयाच्या कार्यशाळेकडे आलें. डीननें पंधराव्या-सोळाव्या शतकांतील टोपांचे आकार समोर ठेवले आणि ताशोनें ते पोलादांतून उठविले. ते नमुने त्या वेळीं सरसकट स्वीकारले गेले नाहींत, हें खरें. तरी अडगळींतली म्हणून समजली जाणारी विद्या ऐन संकटांत हांकेला ओ देते, हें त्यावरून दिसून आलें.

हातानें केलेल्या प्रामाणिक प्रतिकृतींनीं इतिहासांतील कित्येक गैरसमजहि धुऊन काढले आहेत. चिलखत घातलेला वीर उताणा पडला कीं कांसवाप्रमाणें उठूं शकत नसे, त्याला यारीनें उचलून घोड्यावर बसवावें लागे, अशी समजूत फार पसरलेली आहे. १९४४ सालच्या 'हेन्री पंचम' या बोलपटांतहि तसें दृश्य आहे. वस्तुतः रणांगणावरील संपूर्ण चिलखताचें वजन सामान्यतः २० ते २५ किलो असे, आणि तें सर्व अंगावर वांटलेलें असे. मापानें घडविलेली प्रतिकृति घालून आज माणसें धांवतात, घोड्यावर आपण होऊन चढतात, पडून पुन्हा उठतात. मात्र ही सोय फुकट मिळत नाहीं. २०११ सालीं लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं, पंधराव्या शतकांतील नमुन्यांवरून केलेलीं चिलखतें अनुभवी माणसांना घालावयास देऊन, त्यांना फिरत्या पट्ट्यावर चालविलें व पळविलें. चालण्यास लागणारी शक्ति दुपटीहून अधिक भरली. कारण पायांवर बांधलेला पत्रा प्रत्येक पावलागणिक उचलावा लागतो, आणि छातीवरचा पत्रा श्वास खोल घेऊं देत नाहीं. १४१५ सालीं अजिंकूरच्या चिखलांत फ्रेंच सरदार शत्रूपर्यंत पोंचतां पोंचतांच कां थकले, याचा उलगडा जुन्या बखरी चाळून झाला नसता. तो प्रतिकृति अंगावर चढविल्यानें झाला.

त्याबरोबर प्रतिकृतीची मर्यादाहि कारागिराला कळली. आजचा पत्रा कारखान्यांतून सर्वत्र एकसारख्या जाडीचा लाटून येतो. जुना उस्ताद लोखंडाच्या गोळ्यापासून आरंभ करी, आणि जाडी कोठें किती ठेवावयाची हें स्वतः ठरवी. त्याच्या पोलादांत मळीच्या शिरा असत. आजचें पोलाद स्वच्छ असतें. ॲलन विल्यम्स या इंग्रज धातुशास्त्रज्ञानें शेंकडों जुन्या चिलखतांचें पोलाद सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें. त्यांत असें आढळलें कीं इन्सब्रुक व ग्रिनिचच्या कारागिरांना पोलादाला नेमकें पाणी देण्याची हातोटी साधली होती. उलट इटलींत सोन्याच्या मुलाम्याची आवड वाढली, तसें पाणी देणें मागें पडलें. मुलाम्यासाठीं पोलाद पुन्हा तापवावें लागे, आणि दिलेलें पाणी उतरून जाई. शोभेनें सत्त्वाला हरविल्याचा हा पोलादांत लिहिलेला दाखला आहे.

आतां पुन्हा जुन्नरकडे वळावें. ओझराहून कांहीं कोसांवर शिवनेरी आहे. तेथें १६३० सालीं शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. त्यांच्या चरित्रांतील सर्वांत थरारक प्रसंगीं, १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं, चिलखतानेंच निर्णायक काम केलें. वरून साधा पोशाख, आंत कड्यांचें चिलखत आणि मंदिलाखालीं लोखंडी टोप, अशा तयारीनें महाराज अफझलखानास भेटले. खानाचें शस्त्र कुशीवर खरखरलें, पण अंगाला लागलें नाहीं. जो 'जिरेटोप' शब्द आज मुलांच्याहि तोंडीं आहे, त्यांतील जिरें स्वयंपाकघरांतलें नव्हे. फारसींत 'झिरिह' म्हणजे कड्यांचें चिलखत, आणि त्याच्या जोडीचा टोप तो जिरेटोप.

आपल्याकडे पत्र्यांचा संपूर्ण पोशाख रुजला नाहीं, याचें कारण कारागिरीचा अभाव हें नव्हे. पोलादी पत्र्यांची विद्या येथें होतीच. कड्यांच्या चिलखतावर छाती, पाठ व दोन्ही कुशी यांवर चार पत्रे बांधीत. त्याला 'चार आईना' म्हणत. मनगटापासून कोपरापर्यंत पोलादी दस्ताने असत. अकबराचें १५८१ सालचें पोलादी उरस्त्राण मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत पाहतां येतें. परंतु दख्खनच्या उन्हांत सर्वांगावर पत्रा चढविणें म्हणजे तव्यावर बसणें होय. शिवाय घांट-खिंडी ओलांडणाऱ्या चपळ घोडेस्वाराला मोकळें अंग हवें. कड्यांचें चिलखत वारा जाऊं देतें, गुंडाळून खोगिराला बांधतां येतें, आणि बापाचें मुलाला होतें. पत्र्याचें चिलखत मात्र ज्याचें माप त्याचेंच.

कड्यांचें म्हणून तें सोपें, असें मात्र कोणी समजूं नये. लोखंडी तार भोकांच्या पट्टींतून ओढून बारीक करावयाची, दांड्यावर गुंडाळून कापावयाची, प्रत्येक कडीचीं टोकें चपटीं करून त्यांना भोक पाडावयाचें, ती कडी शेजारच्या चार कड्यांत ओंवावयाची, आणि मग इवल्याशा खिळ्यानें ती कायमची मिटवावयाची. एका अंगरख्यास अशा हजारों कड्या लागत. ज्यानें त्या मिटविल्या त्यानें महिनोन् महिने मान वर केली नसेल. इतिहासानें चिलखत घालणाऱ्याचें नांव ठेवलें. मिटविणाऱ्याचें ठेवलें नाहीं. मिलानच्या उस्तादाचा शिक्का निदान पत्र्यावर उरला.

आज ऐतिहासिक नाटकांत व चित्रपटांत चिलखत म्हणून रुपेरी जाळी चालते. दुरून ती शोभतेहि. पण तिच्यांत वजन नाहीं, आणि वजन नाहीं म्हणून नटाच्या चालींत तो भार, तो खांद्याचा ताण, तो खणखणाट उतरत नाहीं. गंमत अशी कीं युरोपी धर्तीच्या चिलखतांच्या प्रतिकृति हिंदुस्थानांतच होतात. गुरखा सैनिकांच्या कुकऱ्या करण्यासाठीं १९४३ सालीं देहरादून येथें निघालेला एक कारखाना आज परदेशांतील चित्रपटांना व हौशी लोकांना तरवारी-चिलखतें पुरवितो. म्हणजे हात आहेत, भट्टी आहे, बाजारहि आहे. प्रतापगडाच्या चिलखताची कडी न् कडी खिळ्यानें मिटवून मागणारें गिऱ्हाईक मात्र विरळा.

महाराष्ट्रांत हातोड्याची ती मूळ विद्या अगदींच नाहींशी झालेली नाहीं. पुण्याच्या कसबा पेठेंत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळीं कोंकणांतून आलेल्या तांबटांनीं ही वसविली. तेथें तांब्याचा पत्रा लोखंडी खुंटावर धरून त्याला हंड्याचा, बंबाचा, घंगाळाचा आकार देतात. आणि शेवटीं ओळीनें, एकसारखे, घाव घालून भांडें मठारतात. मठारल्यानें भांडें चमकतें, हें गृहिणींना ठाऊक असतें. पण त्यानें पत्रा ताठ होऊन भांडें लवकर चेपत नाहीं, हें कारागीर जाणतो. घाव पडला कीं धातु कठीण होतो, तापविला कीं मऊ होतो. कडेकडून ठोकलें कीं पत्रा आंत वळतो. मिलानच्या उस्तादाचें सारें शास्त्र या तीन वाक्यांत मावतें, आणि कसबा पेठेंतील तांबट तें जन्मापासून जाणतो. तांब्याच्या मानानें पोलाद हट्टी, त्याला आंच अधिक, हातोडा जड. पण वर्णमाला तीच. स्टेनलेसचीं भांडीं घरोघर आलीं तसें हें गिऱ्हाईकहि ओसरलें, आणि ग्रिनिचला जें घडलें त्याची छाया या आळीवरहि पडली. एकदां मनगटांतून गेलेली विद्या पुन्हा मिळवावयास युरोपला दोनशें वर्षें लागलीं, आणि अजून ती पुरती मिळालेली नाहीं.

ओझरच्या देवळाची कथा येथें पुन्हा आठवते. चिमाजी अप्पांनीं जीर्णोद्धार केलेल्या या मंदिराचा १९६७ सालीं पुन्हा जीर्णोद्धार झाला. आपल्याकडे देऊळ जुनें झालें कीं तें कांचेच्या पेटींत ठेवीत नाहींत. गवंडी येतो, पाथरवट येतो, कळस उतरवून तांबट-सोनार येतात. दगड बदलतो, सोनें नवें चढतें, आणि देऊळ तेंच राहतें. प्रत्येक जीर्णोद्धारांत एका पिढीचा हात दुसऱ्या पिढीच्या हाताला काम शिकवितो. नकली जुनेपणा विकणारा आपलें नांव लपवितो; जीर्णोद्धार करणारा आपला शक उघडपणें दगडावर कोरतो. हातानें घडविलेली प्रामाणिक प्रतिकृति या दुसऱ्या जातीची आहे. ती जुन्या चिलखताची जागा घेत नाहीं. ज्या हातानें तें चिलखत केलें, त्या हाताचा जीर्णोद्धार करते.

पुण्यामुंबईच्या संग्रहालयांत चिलखतें कांचेआड स्वस्थ बसलेलीं आहेत. त्यांना आणखी शंभर वर्षें कांहीं होणार नाहीं. तांबट आळींतील हातोड्याला मात्र तितकी उसंत नाहीं. आपल्या मुलांना संग्रहालय दाखवावयास नेणाऱ्यानें परततांना कसब्यांतून यावें, आणि तो ठोका दोन घटका उभें राहून ऐकवावा.